उन्हात रुसणारी गाडी

‘गाडी चालू होत नाही’ एवढ्यावर खरा जाणकार लगेच काही बोलत नाही. तो आधी विचारतो, ‘म्हणजे नक्की काय होतं?’ किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ होऊन सगळं गप्प झालं, तर बॅटरी, तिची टर्मिनल्स, स्टार्टर आणि त्याचा सोलेनॉइड एवढाच मुलूख धुंडाळायचा असतो. सेल्फ जोरात मारतोय, इंजिन गरगर फिरतंय पण पकडत नाही, तर ठिणगी किंवा पेट्रोल यांपैकी एकजण गैरहजर आहे. पकडून दोन सेकंदांत बंद पडलं, तर ते तिसरंच दुखणं. हे काहीही न विचारता जो थेट ‘पंप गेला’ म्हणतो, त्याच्याकडे फक्त चहाला जावं.

माझ्या गाडीचं दुखणं दुसऱ्या प्रकारातलं. सेल्फ खणखणीत, पण इंजिन पकडायचं नाव नाही. तेही रोज नाही. सकाळच्या गारव्यात पहिल्या किल्लीला सुरू. पावसात सुरू. डिसेंबरात काचेवर बर्फ धरलेलं असताना सुरू. नाही म्हणायची ती फक्त लख्ख ऊन पडलेल्या दुपारी. इंग्लंडात अशा दुपारी किती मिळतात ते इथे राहणाऱ्याला विचारा. छप्पर मागे टाकून हिंडायची दोन सीटची गाडी माणूस घेतो ती नेमकी त्या दुपारींसाठीच.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-5ची पहिली पिढी, 1992 सालची. जपानमध्ये ही ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकली जायची आणि माझी तिथूनच, जुनी म्हणून जहाजात बसून इकडे आलेली. दरवाज्याच्या चौकटीवर आणि बॉनेटखाली अजून जपानी स्टिकर आहेत. 1.6 लिटरचं इंजिन, 120च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन एक टनाच्या आत. आकडे ऐकून कुणी थक्क होत नाही. चालवल्यावर मात्र माणूस गप्प होतो, मग पुन्हा किल्ली मागतो.

पुण्याला फोनवर बाबांना सांगितलं, ‘बाबा, माझदा घेतली.’ ते काही क्षण थांबून म्हणाले, ‘एवढी मोठी कशाला?’ बाबांच्या डोळ्यासमोर स्वराज माझदा होती. शाळेची पोरं नेणारी, नाहीतर लग्नाचं वऱ्हाड. त्यांचं काही चुकलं नाही. भारतात माझदा हे नाव त्या मिनीबस आणि ट्रकच्या पाठीवरच पोचलं. ही धाकटी भावंडं तिकडे अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाहीत. फोटो पाठवल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, ‘मागे कोण बसणार?’

मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो. या गावाच्या आसपास गाड्या जोडून पिढ्या जगल्या. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तरुणपणी कॅनलीच्या कारखान्यात ट्रायम्फ स्पिटफायर जोडायचे. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो. ती गाडी 1980 साली बंद झाली, कॅनलीतली जोडणीही त्याच वर्षी थांबली. तिकडे अॅबिंग्डनला एमजीबी या तशाच उघड्या गाडीचं शटरही 1980मध्येच पडलं. सामान्य माणसाला परवडणारी उघड्या छपराची इंग्लिश गाडी असं करत एकेक नाव गाळत संपत आली. त्याच्या वर्षभर आधी, 1979मध्ये, बॉब हॉल नावाचा अमेरिकन मोटार-पत्रकार माझदाच्या केनिची यामामोतोंना सांगून बसला होता की तशी एक हलकी गाडी तुम्हीच का करत नाही. दहा वर्षांनी, 1989च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यात 1962च्या लोटस एलान या इंग्लिश गाडीची छटा कुणालाही दिसते. 2016च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. आजोबांना हा सगळा इतिहास पाठ आहे आणि तो सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक जास्त की हळहळ, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘आमची गाडी, पण पावसात चालू होणारी,’ असं ते एमएक्स-5चं वर्णन करतात. मग माझी गाडी उन्हात चालू होत नाही म्हटल्यावर त्यांना जो आनंद झाला तो लपवण्याचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही.

आता ही गाडीवेडी मंडळी कशी असतात ते सांगायला हवं. महिन्यातून एका रविवारी सकाळी एका पबच्या आवारात जमतात. बॉनेट वर, चहाचे मग छपरांवर नाही (रंगाला डाग पडतो), हातात. तिथे मी दुखणं सांगितलं. पहिल्या पाच मिनिटांत मिळालेली उत्तरं अशी: मेन रिले. पेट्रोलचा पंप. कॅम अँगल सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा. एअर फ्लो मीटर. एका बाईंनी ठामपणे ‘प्लग ओले होतायत’ सांगितलं, कारण थंड गाडी गॅरेजमधून काढून दोन मिनिटांत बंद केली की या इंजिनाचे प्लग खरंच ओले होतात आणि त्यांना त्यापायी एकदा टोइंगची गाडी बोलवावी लागली होती. सेन्सर म्हणणाऱ्याचा सेन्सर गेला होता. रिले म्हणणाऱ्याचा रिले. प्रत्येकजण माझ्या गाडीत आपापली गाडी बघत होता.

त्यातल्या एका पोलिश मित्राने तर नवा सेन्सर लगेच डिकीतून काढून दिला. तो पेशाने मेकॅनिक आहे, मनाने उदार आहे, आणि त्याच्या मते जगातला कुठलाही बिघाड दोन तासांत निघतो किंवा मग तो बिघाड नसतोच. ‘बदलून बघ,’ म्हणाला. बदलून बघणे या प्रकाराची मला धास्ती आहे. शंभर पौंडांचा पार्ट बदलायचा, त्या दिवशी नेमकं ढगाळ, गाडी सुरू. माणूस खूश. पुढच्या उन्हात पुन्हा तेच, आणि आता गाडीतला एक चांगला पार्ट बाहेर आणि एक परका आत. अधूनमधून येणारा बिघाड पार्ट विकणाऱ्याला फार मानवतो.

पुण्यातला माझा शाळेतला मित्र गॅरेज चालवतो. मारुती, फियाट, जिप्सी यांत हात मुरलेला. एमएक्स-5 त्याने फक्त फोटोत पाहिली आहे. व्हिडिओ कॉलवर त्याला बॉनेट दाखवलं तर आधी दोन मिनिटं ‘काय जागा सोडलीय रे साल्यांनी’ म्हणून इंजिनाच्या बाजूच्या मोकळ्या जागेचंच कौतुक. मग म्हणाला, ‘अर्थिंग बघ.’ का? तर त्याच्या हाताखालून कधीतरी एक सॅन स्टॉर्म गेली होती. गोव्यात बनणारी, रेनोच्या इंजिनाची, दोन सीटची उघडी गाडी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तिची जाहिरात बघून आमच्या वर्गातली निम्मी पोरं झोपेत गिअर टाकायची. तिची बॉडी फायबरची. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं काम करते, फायबरमधून करंट परत येत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला अर्थची वेगळी वायर ओढावी लागते आणि वायरिंगवाला तिथे घाम गाळतो. तेव्हापासून हा कुठल्याही गाडीत आधी अर्थ बघतो. माझी गाडी पत्र्याची आहे म्हटल्यावर क्षणभर गप्प झाला.

मग त्यानेच तो प्रश्न विचारला ज्याच्यापुढे पबमधली सगळी उत्तरं फिकी पडली. ‘सेल्फ मारून झाला की सायलेन्सरपाशी नाक ने. वास येतो का?’

येत होता. कच्च्या पेट्रोलचा, डोक्यात जाणारा वास. म्हणजे पंप चालतोय, इंजेक्टर उघडतायत, पेट्रोल सिलिंडरपर्यंत जाऊन न जळता मागून बाहेर पडतंय. सात हजार किलोमीटरवरून, एकही अवजार न लावता, त्याने निम्मी गाडी संशयातून मोकळी केली. ज्याने ती गाडी कधी पाहिलेली नाही त्याचा प्रश्न उपयोगी पडला, आणि ज्यांच्या दारात तीच गाडी उभी आहे त्यांची उत्तरं नाहीत. याचं मला तेव्हा नवल वाटलं, आता वाटत नाही. उत्तर ज्याच्या त्याच्या गाडीत अडकलेलं असतं. प्रश्न कुठल्याही बॉनेटखाली चालतो.

पुढच्या उन्हाची वाट बघावी लागली. हवामानाचा अंदाज मी एरवी क्रिकेटसाठी बघतो, तसा गाडी बिघडावी म्हणून बघू लागलो. अखेर एका शनिवारी आकाश निरभ्र निघालं. गाडी काळं छप्पर लावून दुपारपर्यंत उन्हात भाजत ठेवली, आणि पोलिश मित्र आला तेव्हा तिने अगदी शब्द पाळल्यासारखा नकार दिला.

आधी काटा बघितला. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित थरथरला तर समजायचं की इग्निशनपर्यंत सिग्नल पोचतोय. काटा ढिम्म. मित्राचा चेहरा उजळला: ‘सेन्सर!’ आता हा सेन्सर कुठे असतो, तर इंजिनाच्या हेडच्या पार मागे, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या आगभिंतीला लागून. एकच बोल्ट, 12चा पाना. पण तिथे हात जायला जागा अशी की बोटांच्या मागच्या बाजूची सालं निघाल्याशिवाय तो हाती येत नाही. शिवाय त्याची रबरी ओ-रिंग म्हातारी होते आणि तेल झिरपवते, त्यामुळे सगळं बुळबुळीत. जुन्या जागेची खूण करून आम्ही तो काढला. पण नवा लावण्याआधी मित्रानेच एक सुंदर गोष्ट केली. जुना सेन्सर वायरिंगला तसाच जोडलेला ठेवला, मला किल्ली ऑन करायला सांगितली आणि सेन्सरचा दांडा बोटांनी फिरवला. इंजिन निपचित. सेन्सर हातात. आणि आतून टिक, टिक, टिक, टिक असे इंजेक्टर बोलायला लागले. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटत होतं इंजिन फिरतंय.

इंजेक्टर बोलतात, म्हणजे सेन्सर जिवंत, कॉम्प्युटर जिवंत. एक जादा प्लग वायरीत खोचून हेडला टेकवून ठेवला होता, त्यावर मात्र ठिणगी नाही. स्वतःच्या डिकीतला पार्ट स्वतःच बाद ठरवायला मोठं मन लागतं. त्याने नवा सेन्सर निमूटपणे पुन्हा खोक्यात ठेवला आणि जुना खुणेवर परत बसवला.

आता उरली कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी, आणि तिच्याकडे येणारा करंट. कॉइलचा सॉकेट काढून मल्टीमीटर लावला. बारा व्होल्ट. पूर्ण. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. करंट येतोय, ठिणगी पडत नाही, म्हणजे कॉइलच गेली किंवा तिचा करंट चालू-बंद करणारा इग्नायटर. जुन्या बाजारात कॉइल कितीला मिळते ते मित्र फोनवर शोधूही लागला होता.

तेवढ्यात आजोबा आले. त्यांच्याकडे मल्टीमीटर नाही. त्यांच्या कोटाच्या खिशात ब्रेकलाइटचा एक 21 वॅटचा बल्ब असतो, त्याला दोन वायरी डाग दिलेल्या, टोकांना चिमटे. आमचा बारा व्होल्टचा शोध त्यांनी ऐकून घेतला, ‘छान’ म्हणाले, आणि त्याच सॉकेटला बल्ब लावला. बल्बची तार नुसती लालसर झाली. प्रकाश असा नाहीच.

मी इंजिनिअर आहे, ओहमचा नियम मला नवा नाही, तरी त्या लालसर तारेकडे बघत राहिलो. मल्टीमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. पुण्यात पाइप गाळाने तुंबला की नळाला अंगठा लावून बघा, दाब जाणवतो. बादली लावा, करंगळीएवढी धार. मीटर म्हणजे तो अंगठा. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. कॉइलचं तर विचारूच नका, तिच्या प्राथमिक वेढ्याचा रोध एका ओहमच्याही आत, ती त्याहून कितीतरी जास्त ओढते. वाटेत कुठेतरी एक सांधा सडलेला होता. कुणी काही मागितलं नाही तोवर तो बारा व्होल्ट मिरवत होता, मागितलं की हात वर.

आता तो सांधा शोधायचा. या गाडीची बॅटरी डिकीत असते. एक लांब वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून उघड्या गाडीतून, सीटवरून पुढे आणली, मीटरचं एक टोक तिला, दुसरं टोक हातात. बल्ब जळता ठेवून एकेका ठाण्यावर किती व्होल्ट हरवलेत ते बघत जायचं. फ्यूजपाशी काही नाही. किल्लीच्या स्विचच्या पुढे नावापुरतं. कॉइलपाशी बारापैकी आठ गायब. म्हणजे चोर स्विच आणि कॉइल यांच्या मधे, डॅशबोर्डच्या खाली.

डॅशबोर्डखाली जायचा एकच मार्ग: पाय सीटच्या पाठीवर, पाठ सीटवर, डोकं पेडल्सपाशी. मित्र धिप्पाड, आजोबांचे गुडघे बाद, म्हणून मी. स्टिअरिंगखालचं प्लास्टिक काढलं आणि टॉर्च लावला. जपानी कारखान्याने दिलेलं वायरिंग रंगीत, नीट बांधलेलं. आणि त्याच्या मधोमध इन्सुलेशन टेपने गुंडाळलेलं काळ्या वायरींचं घरटं. सगळ्याच्या सगळ्या वायरी काळ्या. काहींवर बारीक अंक छापलेले, इतके बारीक की चष्मा काढून, मग घालून, मग टॉर्च तिरका करून वाचावे.

ही भानगड काय, ते आजोबांनी वरून, चहा पीत सांगितलं. नव्वदच्या सुरुवातीला इंग्लंडात गाड्यांच्या चोऱ्या भयंकर वाढल्या. विमा कंपन्या इमोबिलायझर, म्हणजे चोराला इंजिन सुरू करू न देणारं यंत्र, मागू लागल्या, त्यांच्याच थॅचम नावाच्या संशोधन केंद्राने या यंत्रांच्या श्रेणी ठरवल्या. नव्या गाड्यांना कारखान्यातूनच इमोबिलायझर सक्तीचा झाला तो 1998मध्ये. तोवरच्या लाखो गाड्यांना आणि जपानहून आलेल्या माझ्यासारखीला तो बाहेरून बसवून घेतला जायचा. किमान दोन सर्किट तोडायची, आणि चोराला ओळखू येऊ नयेत म्हणून सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, काळ्या. हेतू उत्तम. पण तीस वर्षांनी चोराच्या जागी मालकच डोकं खाली करून टॉर्च घेऊन झोपलेला असतो, याचा विचार त्या श्रेणीत कुणी केलेला नाही.

घरट्यातली नेमकी वायर शोधायला मोडतोड नको होती. संध्याकाळपर्यंत थांबलो, हवा गार झाली, गाडी पहिल्या किल्लीला सुरू. ती चालू ठेवून मी बायकोचा हेअर ड्रायर लांब एक्स्टेन्शनवर बाहेर आणला. ती खिडकीतून म्हणाली, ‘माझे केस वाळायचेत अजून.’ ‘दोन मिनिटं,’ म्हणालो. ड्रायरचं तोंड घरट्याच्या डावीकडे, काही नाही. उजवीकडे, काही नाही. जरा वर, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ, आणि मिनिटभरात इंजिन एक आचका देऊन बंद. ड्रायर बाजूला, थोडं थांबलो, सुरू. पुन्हा ड्रायर, बंद. तिसऱ्यांदा करायची काही गरज नव्हती. तरी आम्ही केलं, कारण बघायला शेजारी जमले होते.

टेप सोलली. ती चिकट, काळ्या राळेगत झालेली, बोटांना धरून यायची. आत एक निळी प्लास्टिकची चिमटाजोड, वायर न सोलता दाबून बसवतात ती. प्लास्टिकची एक बाजू तपकिरी, करपलेली. उघडली तर आतल्या पात्याने तांब्याच्या बऱ्याच तारा बसवतानाच कापलेल्या दिसल्या. उरलेल्या काळपट हिरव्या. इंजिनाचा सगळा इग्निशन करंट इतकी वर्षं त्या उरलेल्या तारांवर चालला होता. पातं सैल, उन्हाने आतलं सगळं तापलं की आणखी सैल. बसवणारा कोण होता, कुठे होता, काही कळायला मार्ग नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता शेवटची गाडी उरकणाऱ्या माणसाबद्दल मला फार रागही येत नाही.

पुण्याच्या मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: ‘म्हटलं होतं ना, सांधा.’ त्याने अर्थ म्हटलं होतं. पण नाक त्याचं, म्हणून मी वाद घातला नाही.

खरी भांडणं त्यानंतर झाली. आजोबांचं मत पडलं की त्या काळ्या घरट्याला मुळापासून उपटा आणि गाडी हिरोशिमाहून निघाली तशी करा. पोलिश मित्र म्हणाला, विम्याच्या कागदावर इमोबिलायझर लिहिलाय, उपटलात तर कळवावं लागेल. पुण्याहून सल्ला आला की असाच ठेव, चोर आला तर दुपारी येईल आणि सेल्फ मारत बसेल. मी विमा कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी सहज विचारलं, ‘इमोबिलायझर काढायचं कारण?’ ‘तो मलाच गाडी चालवू देत नाही,’ म्हणालो. त्यांनी तेच टाइप केलं असावं, कारण बराच वेळ की-बोर्ड वाजत होता. शेवटी ठरलं की जुना काढायचा, नवा चांगल्या हातून बसवून घ्यायचा आणि त्याचा दाखला त्यांना पाठवायचा.

काढताना इतर जोडही बाहेर आले आणि ते सगळे त्याच वळणाचे निघाले. मूळ वायरी पुन्हा सांधायच्या होत्या. आजोबा म्हणाले डाग द्यायचा, कथिल वितळून तारांत शिरलं की संपलं. मित्र म्हणाला, कथिल जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते, म्हणून चांगल्या पान्याने दाबलेली क्रिंप. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांनाही दुसऱ्याचं ऐकायचं नव्हतं. मग मधला मार्ग काढला. निम्मे सांधे आजोबांनी डाग देऊन केले, निम्मे मित्राने दाबून, प्रत्येकावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली: आजोबांची लाल, मित्राची निळी. पहिला सांधा कुणाचा सुटतो यावर पैज लागली आहे. हरणाऱ्याने पबमधल्या सगळ्यांना नाश्ता द्यायचा आहे, त्यामुळे गाडी पुन्हा बंद पडावी अशी इच्छा बाळगणाऱ्यांची संख्या सध्या बरीच आहे.